हाताने शिवलेल्या तुकड्यांच्या गोधडीचे कोपरे जुळत नाहीत

पहिलाटाका :

नमस्कार. शिवणकामाचा मला फारसा अनुभव नाही. बटण लावणे आणि उसवलेली दुमड पुन्हा घालणे, एवढीच माझी आजवरची मजल. तरीही शिलाई यंत्राला हात न लावता, पूर्णपणे सुईदोऱ्याने, चौकोनी तुकड्यांची एक लहान गोधडी शिवायची असे ठरवून मी महिन्याभरापूर्वी कामाला लागले. पाच इंचांचे ८० चौकोन कापले आहेत. आठ-आठ तुकड्यांच्या दहा ओळी करायच्या, प्रत्येक बाजूची पाव इंच माया, म्हणजे शिवणीसाठी कडेला सोडलेले कापड, शिवणीत गेली की चौकोन साडेचार इंचांचा उरेल, आणि वरचा थर साधारण ३६ इंच रुंद आणि ४५ इंच लांब होईल, असा माझा हिशेब होता.

आतापर्यंत दोन ओळी शिवून झाल्या. पहिली मोजली तर ३६ इंच भरते आणि दुसरी पावणेसदतीस. दोन्ही एकमेकींवर ठेवल्या की पहिल्या दोन-तीन चौकोनांपर्यंत कोपरे जवळपास जुळतात, पुढे हळूहळू घसरत जातात आणि शेवटी दुसरी ओळ बोटभर बाहेर येते.

पुठ्ठ्याचा पाच इंची चौकोन करून, त्याच्याभोवती पेन्सिल फिरवून मी कात्रीने तुकडे कापले. नंतर दोन तुकड्यांच्या सुलट बाजू समोरासमोर ठेवून, कडा जुळवून, पाव इंचाचा नजरेने अंदाज घेत, या कडेपासून त्या कडेपर्यंत धावदोरा घातला. कापड बहुतेक जुन्या सुती सदऱ्यांचे आहे. दहा-बारा तुकडे मात्र एका जाड पडद्याचे आहेत, कारण त्याचा निळा रंग मला फार आवडला होता.

नेमके कुठे चुकते आहे, आणि शिवलेले सोळाही तुकडे उसवावे लागतील का? शिवाय पाच-सहा टाक्यांनंतर दोरा पिळवटतो आणि त्याला आपोआप गाठ बसते, ते कशाने टाळता येईल?

उरेब :

तुम्ही मापे दिलीत हे फार बरे केले, कारण चूक त्या मापांतच दिसते आहे. पाच इंचांचे आठ तुकडे म्हणजे ४० इंच. त्यांच्यामध्ये सात शिवणी, आणि प्रत्येक शिवणीत दोन्ही तुकड्यांचे मिळून अर्धा इंच जाते, म्हणजे ओळ साडेछत्तीस इंच भरायला हवी. तुमची पहिली ओळ अर्धा इंच कमी भरली. तो अर्धा इंच सात शिवणींमध्ये वाटला तर एका शिवणीच्या वाट्याला दोन मिलिमीटरही येत नाहीत आणि एका तुकड्याच्या वाट्याला जेमतेम एक येतो. पेन्सिलीच्या बोथट टोकाची रेघ जवळजवळ तेवढीच जाड असते. तेव्हा तुमचा हात वाईट आहे असे मुळीच समजू नका. नजरेच्या अंदाजाने एक मिलिमीटर राखणे अनुभवी माणसालाही जमत नाही, म्हणून तो ते नजरेवर सोडतच नाही.

यंत्रावर शिवताना कापडाची कड दाबपट्टीच्या आधाराने सरकते, म्हणून तिथे कड अचूक कापलेली असावी लागते. हाताने शिवताना कडेला असा कोणताच आधार नसतो, त्यामुळे सुईला जाण्यासाठी आखलेली रेषाच लागते. म्हणून पुठ्ठ्याचा साचा पाच इंचांचा न करता साडेचार इंचांचा, म्हणजे शिवून झाल्यावर जेवढा चौकोन दिसायला हवा तेवढाच करावा. तो कापडाच्या उलट बाजूवर ठेवून चारही बाजूंनी टोकदार पेन्सिलीने रेषा आखावी. हीच तुमची शिवण. तिच्या बाहेर साधारण पाव इंच सोडून कापड कापावे, आणि ते कापणे थोडे वाकडेतिकडे झाले तरी काही बिघडत नाही. तुमचे तुकडे आधीच कापलेले असल्यामुळे आता नवा साचा प्रत्येक तुकड्याच्या मधोमध ठेवून रेषा आखून घ्या. ज्या तुकड्यात एखाद्या बाजूला तीन मिलिमीटरांपेक्षा कमी माया उरेल तो बाजूला काढा, कारण एवढ्या अरुंद मायेतून धागे निघून शिवण सुटते.

पुठ्ठ्याबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. ऐंशी वेळा पेन्सिल फिरवली की पुठ्ठ्याची कड झिजते, कोपरे गोल होतात आणि शेवटचे चौकोन पहिल्या चौकोनांपेक्षा लहान निघतात. माझ्या पहिल्या गोधडीच्या वेळी हे मला पन्नासाव्या तुकड्यानंतर कळले. एखाद्या डब्याच्या पारदर्शक प्लास्टिकच्या झाकणातून साचा कापला तर तो झिजत नाही, आणि त्यातून कापडावरचे नक्षीकामही दिसते.

आता जोडणी. दोन तुकडे सुलट बाजू आत ठेवून एकमेकांवर ठेवा. वरच्या तुकड्याच्या कोपऱ्यावर, जिथे दोन रेषा एकमेकींना छेदतात त्या बिंदूतून टाचणी सरळ खाली घाला आणि खालच्या तुकड्यावर ती त्याच बिंदूतून निघते का ते उलटून पाहा. निघत नसेल तर कापड सरकवा. दुसऱ्या कोपऱ्यावर तेच करा आणि मग मध्ये एक टाचणी लावा. शिवण एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंतच घालायची, मायेत शिरायचे नाही. आरंभी आणि शेवटी एकदोन उलट्या टिपा, म्हणजे सुई मागे नेऊन घातलेले टाके, घ्या. मधल्या भागात धावदोरा चालतो, फक्त दर चार-पाच टाक्यांनंतर एक उलटी टीप घेतली तर शिवण ताणली तरी उसवत नाही. एका इंचात सहा ते आठ टाके पुरेसे आहेत. सुई पुढे नेण्यापूर्वी मागची बाजू पाहण्याची सवय लावून घ्या, कारण वरून रेषेवर दिसणारी सुई खाली रेषेच्या दोन धागे आत किंवा बाहेर उतरलेली असते आणि अनेकदा खरी चूक तिथेच दडलेली असते.

माया मोकळी ठेवण्याचा फायदा ओळींना ओळी जोडताना दिसतो. चार चौकोन जिथे भेटतात तिथे पोहोचल्यावर माया शिवणीखाली दाबून टाकू नका. ती उभी धरा, बिंदूवर एक उलटी टीप घ्या, मायेच्या बुडाशी सुई आरपार काढा आणि पलीकडच्या बिंदूवर पुन्हा एक उलटी टीप घेऊन पुढे जा. असे केले की इस्त्रीच्या वेळी चारही माया भिरभिऱ्याच्या पात्यांसारख्या एकाच दिशेने वळवता येतात, आणि त्या सांध्यावर कापडाचा गठ्ठा साचत नाही.

दुसरी ओळ लांब भरण्याला बहुधा आणखी एक कारण असेल. सदऱ्याच्या उरलेल्या भागातून जास्तीत जास्त चौकोन काढण्याच्या नादात साचा तिरका ठेवला गेला, तर चौकोनाची कड उरेब येते. तुकडा दोन्ही हातांत धरून ओढून पाहा: उभ्या धाग्याच्या दिशेने कापड जवळजवळ ताणत नाही, आडव्या धाग्याच्या दिशेने थोडे ताणते, आणि तिरके ओढले तर रबरासारखे लांबते. अशी कड शिवता शिवता हातातच वाढते, आणि इस्त्री पुढेमागे फिरवली तर आणखी वाढते. इस्त्री उचलून ठेवावी, पुन्हा उचलावी आणि पुढे ठेवावी, घासू नये.

दोऱ्याची गाठ टाळण्यासाठी कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत भरेल एवढाच, म्हणजे साधारण ४५ सेंटीमीटर दोरा घ्या. रिळावरून जे टोक आधी सुटते ते सुईत ओवा आणि जे कापता त्याला गाठ मारा. मेणाच्या गोळ्यावरून दोरा एकदा ओढून घेतला तर तो आणखी शहाण्यासारखा वागतो. तरीही पीळ चढलाच तर सुई सोडून द्या आणि ती लोंबकळत स्वतःभोवती फिरून थांबेपर्यंत वाट पाहा.

पडद्याच्या निळ्या तुकड्यांबद्दल माझे मत तुम्हाला आवडणार नाही, पण ते या गोधडीत घालू नका. जाड कापड दुमडताना घडीतच थोडी रुंदी खाते, त्यामुळे रेषा अचूक असूनही तो चौकोन लहान पडतो, आणि पुढे वरचा, मधला भरणाचा आणि मागचा असे तीनही थर एकत्र शिवताना तिथे सुई अडते. त्या कापडाच्या उशा छान होतील.

जुनीसुई :

वरच्या प्रतिसादातील तंत्राशी मी पूर्णपणे सहमत आहे, मात्र सोळाही तुकडे उसवण्याची गरज मला वाटत नाही. दोन ओळींत पाऊण इंचाचा फरक आहे, म्हणजे एका चौकोनामागे अडीच मिलिमीटरांच्या आत. सुती कापड एवढे सहज सामावून घेते, आणि हाताने शिवण्याचा यंत्रापेक्षा मोठा लाभ जर कोणता असेल तर तो हाच आहे, कारण इथे प्रत्येक टाक्याला कापड किती घ्यायचे ते आपल्या बोटांच्या ताब्यात असते.

दोन्ही ओळी समोरासमोर ठेवून आधी फक्त शिवणींवर शिवणी टाचून घ्याव्यात, म्हणजे दोन टोके धरून नऊ जागा पक्क्या होतात. मग त्यांच्यामध्ये जास्तीचे कापड किंचित फुगलेले दिसेल. ते प्रत्येक चौकोनात मधोमध टाचणी लावून दोन भागांत वाटावे आणि शिवताना दोन्ही ओळी आपल्या बोटाच्या वळणावर, लांब ओळ वरच्या बाजूला ठेवून धराव्यात. बोटाच्या वक्रावर ती आपोआप आत घेतली जाते. चुणी पडू न देता लहान टाके घालत गेले तर गोधडी धुतल्यावर तो फरक कोणाला दाखवूनही दिसणार नाही. उरलेल्या आठ ओळी मात्र आखूनच शिवाव्यात. दहाही ओळींत अशी ओढाताण केली तर गोधडी सपाट बसत नाही, तिच्या कडा लाटेसारख्या वरखाली होतात.

सदऱ्यांच्या कापडाबद्दलही थोडे सांगते. प्रत्येक तुकडा खिडकीसमोर धरून पाहावा. कोपर, कॉलरची घडी आणि खांद्यामागचा भाग इथले धागे विरळ झालेले असतात आणि उजेड जाळीसारखा झिरपतो. असा एक तुकडा बाकीच्या एकोणऐंशींच्या आधी फाटतो, आणि मधला तुकडा बदलणे हे नवी ओळ शिवण्यापेक्षा कटकटीचे काम आहे. गडद लाल, गडद निळा किंवा काळा तुकडा असेल तर तो ओला करून पांढऱ्या कापडावर दाबून घासावा. पांढऱ्यावर रंग उतरला तर त्या तुकड्याला शेजारी घेऊ नये.

पहिलाटाका :

दोघांचेही मनापासून आभार. मी काल रात्री चार तुकड्यांवर प्रयोग केला. साडेचार इंचांचा साचा प्लास्टिकच्या झाकणातून कापला, रेषा आखल्या, आणि टाचणी बिंदूतून बिंदूत निघते का हे पाहण्यातच पहिला अर्धा तास गेला. पहिल्याच जोडीला टाचणी खालच्या बिंदूपासून चांगली दोन धागे बाजूला निघत होती, आणि एरवी मी ते पाहिलेच नसते. चारही चौकोन जोडून उलटे केले, माया भिरभिऱ्यासारखी वळवली, तेव्हा मध्यभागी नखाएवढा एक इवलासा चौकोन आपोआप उमटला. सुलट बाजूने चारही कोपरे एका ठिपक्यात भेटले होते.

पहिल्या दोन ओळी उसवणार नाही. लांब ओळ वर ठेवून, बोटाच्या वळणावर धरून जोडते आहे. निळे तुकडे जड अंतःकरणाने बाजूला काढले.

वरचा थर संपायला अजून वेळ आहे, पण पुढच्या तयारीसाठी विचारते. मधला थर कोणता घ्यावा, आणि तीन थर एकत्र शिवताना ते एकमेकांवर सरकू नयेत म्हणून काय करावे? मला अगदी बारीक टाके येत नाहीत. आठ-दहा टाके एका इंचात बसले पाहिजेत असे वाचल्यापासून धास्तीच घेतली आहे.

तीनथर :

एका इंचातील टाक्यांची ती संख्या वर्षानुवर्षे सराव केलेल्या हातांची आहे. तुम्ही एका इंचात पाच टाके घातले आणि ते पाचही सारख्या लांबीचे असले तर काम नेटके दिसते. लहान-मोठे झालेले दहा टाके मात्र लांबूनही खटकतात. मनातून धास्ती जातच नसेल तर जाड सुती दोरा घेऊन मुद्दाम तांदळाच्या दाण्याएवढे ठसठशीत टाके घालावेत. तीही एक रूढ पद्धत आहे, तिच्यात काम लवकर होते आणि टाका हाच नक्षीचा भाग होतो.

मधल्या थरासाठी पातळ सुती किंवा सुती-पॉलिएस्टर मिश्र भरण घ्या. ते वॅडिंग किंवा बॅटिंग या नावाने मिळते. फुगीर पॉलिएस्टर ऊबदार आणि हलके असते खरे, पण त्यात सुई बुडते, मागच्या थरापर्यंत टाका पोहोचला की नाही ते कळत नाही आणि नवख्या हाताची फार दमछाक होते. सुती भरण पहिल्या धुण्यात साधारण तीन ते पाच टक्के आटते, म्हणजे तुमच्या रुंदीत एक ते पावणेदोन इंच. मागचे कापड मात्र आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करूनच घ्या. दोन शिवणींच्या ओळींत जास्तीत जास्त किती अंतर चालेल ते भरणाच्या पाकिटावर दिलेले असते; त्याहून अधिक अंतर सोडले तर काही धुण्यांनंतर आतले भरण गोळा होते.

मागचे कापड चारही बाजूंनी तीन-तीन इंच मोठे, म्हणजे तुमच्या मापाला सुमारे ४२ बाय ५१ इंच घ्यावे. ४४ इंच पन्ह्याचे कापड असेल तर मध्ये जोड द्यावा लागत नाही. ते उलट बाजू वर करून जमिनीवर अंथरा आणि कडा चिकटपट्टीने जमिनीला चिकटवा. ताठ असावे पण ताणलेले नसावे, कारण ताणून चिकटवलेले कापड पट्ट्या काढताच आक्रसते आणि वरच्या थराला सुरकुत्या पाडते. त्यावर भरण, त्यावर वरचा थर, आणि प्रत्येक थर मध्यापासून कडेकडे तळहाताने सपाट करत जायचे. मग कच्चा दोरा: लांब सुईने, दोन-दोन इंचांचे टाके, मध्यापासून चारही दिशांना, तळहाताच्या रुंदीएवढ्या अंतरावर उभ्या-आडव्या ओळी. इथे कंटाळा करू नका. मी एकदा कडेपासून सुरुवात केली होती. मध्यभागी पोहोचेपर्यंत मागच्या कापडाचा हातभर फुगवटा तिथे जमा झाला होता आणि सगळे कच्चे टाके काढून पुन्हा घालावे लागले.

पक्के शिवणेही मध्यापासूनच सुरू करायचे. प्रत्येक चौकोनात, शिवणीपासून पाव इंचाहून किंचित आत, आखून एक लहान चौकोन शिवा. शिवणीजवळ मायेची घडी असते आणि तिथे सुईला पाच थरांतून जावे लागते. मायेच्या पलीकडे गेले की तीनच थर उरतात. सुईचा क्रमांक जितका मोठा तितकी सुई बारीक आणि आखूड. क्विल्टिंगची आखूड सुई नऊ किंवा दहा क्रमांकाची घ्या आणि ढकलणाऱ्या बोटात अंगुस्तान, म्हणजे बोट वाचवणारी टोपी, घाला. पहिल्या दिवशी ते बोटावर परके वाटते, पण त्याच्याशिवाय तिसऱ्या दिवशी सुईचे बूड बोटात शिरायला लागते. सुई शक्य तितकी उभी घाला, खालच्या हाताच्या बोटाला टोक जेमतेम लागले की लगेच वर वळवा, आणि दोन-तीन टाके सुईवर भरल्यावर दोरा ओढा.

गाठ दिसू नये यासाठी सुई आरंभाच्या जागेपासून इंचभर दूर, फक्त वरच्या थरातून आणि भरणातून घाला आणि जिथून टाका सुरू करायचा तिथे काढा. मग दोरा हलकासा हिसका देऊन ओढा. गाठ बारीक टक् असा आवाज करून आत जाते आणि भरणात अडकून बसते. दोरा संपताना कापडालगत गाठ मारून ती अशीच आत ओढून घ्यायची.

कडेच्या गोटासाठी, म्हणजे कडा झाकणाऱ्या पट्टीसाठी, अडीच इंच रुंदीच्या सरळ पट्ट्या पुरतात. उरेब पट्टी फक्त गोलाईच्या कडेला लागते. तुमच्या मापाला ४४ इंच पन्ह्याच्या पाच पट्ट्या जोडून घ्या, लांबीत दुमडून दुहेरी करा, वरच्या बाजूने कडेला कड लावून शिवा, आणि मागे वळवून हेम घाला.

पहिलाटाका :

तांदळाच्या दाण्याएवढे टाके हे ऐकून फार हायसे वाटले. शेवटची शंका. कच्च्या दोऱ्याऐवजी सेफ्टी पिना लावल्या तर चालेल का? माझ्याकडे पिनांची एक मोठी डबी आहे.

जुनीसुई :

चालतील, तळहाताच्या रुंदीच्या अंतराने लावाव्यात. शिवताना मात्र दोरा त्यांच्यात सतत अडकतो, म्हणून मी स्वतः कच्चा दोराच घालते. पिनाच लावणार असाल तर लावण्याआधी मोजून आकडा डबीच्या झाकणावर लिहून ठेवा, आणि टाचण्या व सुयाही मोजा. गोधडी कोणाच्या अंगावर घालण्यापूर्वी तो आकडा पुन्हा जुळला पाहिजे. माझ्या एका गोधडीत एक सुई कमी भरली होती; दोन दिवस चुंबक फिरवल्यावर ती गोटाच्या घडीत आडवी पडलेली सापडली.